हान्सचं गणित आणि लुडबुडे पाहुणे

मुलांनो, नंदीबैल पाहिलाय ना तुम्ही? शहरात आता तो फारसा दिसत नाही, पण गावाकडे अजूनही कधीतरी गुबुगुबु आवाज करत दारात येतो. पाठीवर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. नंदीवाला विचारतो, "यंदा पाऊस चांगला होईल का रं?" नंदी मान हलवतो, सगळे खूश होतात आणि आजी सुपातून धान्य घेऊन बाहेर येते.

नंदीला पावसाचं खरंच कळतं का? छे! मालकाने त्याला खुणा शिकवलेल्या असतात. दोरीला हलकासा हिसका दिला किंवा ढोलक्याचा ठेका बदलला, की नंदी मान हलवतो. आपण खूण करतोय हे नंदीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. ती त्याची कला आहे आणि पोटाचा धंदाही.

पण समजा, खूण करणाऱ्यालाच आपण खूण करतोय याचा पत्ता नसेल तर?

असं खरोखर घडलं होतं. जर्मनीतल्या बर्लिन शहरात, १९०४ साली. आणि त्यामुळे मानसशास्त्र नावाच्या शास्त्राला असा काही धडा मिळाला, की आज शंभराहून जास्त वर्षं झाली तरी तो कॉलेजात शिकवला जातो. मानसशास्त्र म्हणजे मन कसं चालतं, आपण कसे वागतो, कसे शिकतो, याचा अभ्यास. त्यातही प्रयोग करतात बरं का! फक्त तिथे परीक्षानळी नसते, समोर जिवंत माणूस किंवा प्राणी असतो. म्हणूनच तो प्रयोग फार अवघड.

तर बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक म्हातारे, निवृत्त शिक्षक राहायचे. विषय गणित. त्यांची ठाम समजूत होती की घोडा मठ्ठ नसतो, त्याला कुणी नीट शिकवतच नाही. (कुठल्याही शिक्षकाला आवडेल असाच विचार आहे हा.) त्यांनी हान्स नावाचा एक घोडा घेतला आणि घरामागच्या फरसबंद अंगणात त्याची शाळा सुरू केली. फळा होता, लाकडी खुंट्या होत्या, मणी सरकवून मोजायची पाटी होती. उत्तर बरोबर आलं की खाऊ म्हणून पाव, गाजर किंवा साखरेचा खडा. सुमारे चार वर्षं हे चाललं होतं.

आणि हान्स शिकला! प्रश्न विचारला की तो उजव्या पुढच्या पायाने जमिनीवर टापा मारून उत्तर द्यायचा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सगळं. अपूर्णांकसुद्धा! आधी अंशाच्या टापा, मग छेदाच्या. 'महिन्याची आठ तारीख मंगळवारी आली, तर पुढचा शुक्रवार कितव्या तारखेला?' असं विचारलं की अकरा टापा. 'हो'साठी मान वरखाली, 'नाही'साठी मान डावीउजवीकडे. लोक थक्क झाले. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून आले. थेट अमेरिकेतल्या न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातही बातमी छापून आली. जर्मन लोक त्याला 'क्लुगर हान्स' म्हणू लागले. क्लुगर म्हणजे हुशार. हा खेळ पाहायला फॉन ओस्टेन एक पैसाही घेत नव्हते, हे लक्षात ठेवा.

शेवटी सप्टेंबर १९०४ मध्ये तेरा जणांची एक समिती बसली. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक, घोडदळातला अधिकारी, शिक्षक, जनावरांचे डॉक्टर, एक सर्कसचे मालक आणि कार्ल श्टुम्प्फ नावाचे मानसशास्त्राचे मोठे प्राध्यापक. सर्कसवाले कशाला? तर जनावरांना कसकशा छुप्या खुणा शिकवतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि सांगितलं: इथे लबाडी अजिबात नाही.

आता गंमत अशी, की समितीचं म्हणणं खरंच होतं. फॉन ओस्टेन लबाडी करत नव्हते. ते अंगणात नसताना दुसऱ्याच कुणी प्रश्न विचारला, तरीही हान्स पुष्कळदा बरोबर उत्तर द्यायचा. मग लबाडी कोण करणार? पण 'लबाडी नाही' म्हणजे 'घोड्याला गणित येतं' असं होतं का? विचार करा हं.

श्टुम्प्फसरांनी पुढचा शोध आपल्या एका विद्यार्थ्यावर सोपवला. त्याचं नाव ऑस्कर फुंग्स्ट. या पठ्ठ्याने जे केलं ते मला हान्सच्या टापांपेक्षाही भारी वाटतं. त्याने आधी घोडा बाजूला ठेवला आणि विचार केला, की हान्सच्या उत्तरावर कशाकशाचा परिणाम होत असेल? प्रश्नाचा? आजूबाजूच्या गर्दीचा? मालकाच्या आवाजाचा? प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्याचा? मग त्याने यातली एकेक गोष्ट बदलून पाहायला घेतली, बाकीच्या होत्या तशाच ठेवून.

पहिलं काम म्हणजे अंगणात तंबू ठोकला. बघे बाहेर, घोडा आत.

मग आकड्यांच्या पाट्या घेतल्या. प्रश्न विचारणारा पाटी उचलून हान्ससमोर धरायचा आणि हान्सने तो आकडा टापांनी सांगायचा. काही वेळा विचारणाऱ्याने पाटीवरचा आकडा आधी पाहिलेला असे. काही वेळा तो न बघताच पाटी घोड्यापुढे धरी. म्हणजे आकडा फक्त घोड्याला दिसे, माणसाला नाही. या दोन्ही तऱ्हा आलटून पालटून घेतल्या. का बरं? कारण आधी सगळे 'माहीत असलेले' प्रश्न आणि नंतर सगळे 'माहीत नसलेले' प्रश्न विचारले असते, तर कुणी म्हणालं असतं, "अहो, शेवटी घोडा दमला होता, म्हणून चुकला!"

निकाल काय लागला? विचारणाऱ्याला आकडा माहीत असताना हान्सची शंभरातली ९८ उत्तरं बरोबर. विचारणाऱ्याला आकडा माहीत नसताना शंभरात ८!

घोडा तोच, अंगण तेच, पाट्याही त्याच. फरक काय तो एकच, माणसाला उत्तर ठाऊक आहे की नाही.

बेरजेसाठी फुंग्स्टने आणखी एक युक्ती केली. फॉन ओस्टेननी हान्सच्या कानात एक संख्या कुजबुजायची, मग फुंग्स्टने दुसरी. दोघांनाही एकमेकांची संख्या माहीत नाही. म्हणजे बेरीज जगात फक्त हान्सलाच करता येणार! हान्सला ती आली नाही.

मग उत्तर माणसाकडून घोड्याकडे जातं तरी कसं? कानांनी की डोळ्यांनी? फुंग्स्टने हान्सच्या डोळ्यांना मोठी झापडं बांधली. टांग्याच्या घोड्याला बांधतात ना, तशी. विचारणारा दिसेनासा झाला की हान्सची उत्तरं कोलमडायची. बिचारा मान वाकडी करकरून त्या माणसाकडे बघायची धडपड करायचा. चिडायचा. फुंग्स्टला तो चावलासुद्धा, तेही एकदा नाही!

आता फुंग्स्ट घोड्याकडे न बघता माणसांकडे बघू लागला. आणि सापडलं! प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे झुकायचा, घोड्याचा पाय नीट दिसावा म्हणून. ती झाली 'सुरू कर' अशी खूण. टापा मोजता मोजता बरोबर आकडा जवळ आला की माणसाच्या अंगात ताण यायचा, आणि तो आकडा पडला रे पडला की ताण सुटून डोकं अगदी कणभर वर उचललं जायचं. ती झाली 'थांब' अशी खूण. एवढीशी हालचाल, की शेजारी उभ्या असलेल्या तज्ज्ञांनाही दिसली नव्हती. फॉन ओस्टेन रुंद काठाची हॅट घालायचे, त्यामुळे ती हान्सला आणखीच सोयीची पडत असणार. फुंग्स्टने ही हालचाल मुद्दाम करून पाहिली. काहीही प्रश्न न विचारता नुसता पुढे झुकला, तर हान्स टापा मारू लागला. डोकं वर केलं, थांबला. म्हणजे गणित येत होतं माणसाला, घोडा माणूस वाचत होता. तुम्ही काहीही म्हणा, मला तर हान्स हुशारच वाटतो. फक्त लोक समजत होते त्या विषयात नाही.

यापुढचा भाग पुष्कळ जण सांगायचे विसरतात. फुंग्स्टने प्रयोगशाळेत स्वतः घोडा व्हायचं ठरवलं! समोर माणूस बसवायचा, त्याने मनात एक आकडा धरायचा आणि फुंग्स्टने टापांऐवजी हाताने ठोके द्यायचे. माणसाची ती बारीकशी हालचाल दिसली की थांबायचं. पंचवीस माणसं बसवली, त्यांतल्या तेवीस जणांनी नकळत खूण दिली. आपण काय करतोय याची त्यांना कल्पनाही नव्हती. गुपित पुरतं माहीत झाल्यावर खुद्द फुंग्स्टलाही स्वतःच्या डोक्याची ती हालचाल पूर्णपणे थांबवता येईना.

आमच्या वर्गात हे रोज चालतं. मी चौथीला शिकवते. तोंडी पाढे विचारले की एखादा म्हणतो, "सात साते... अठ्ठेचाळीस?" आणि माझ्या भुवया जरा वर गेल्या की लगेच, "नाही नाही बाई, एकोणपन्नास!" त्याला पाढा आला की बाईंच्या भुवया आल्या? पालकांनो, घरी पाढे घेताना एकदा वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसून बघा.

फॉन ओस्टेनना मात्र हे काही पटलं नाही. १९०९ साली ते वारले. हान्स एल्बरफेल्डच्या कार्ल क्राल नावाच्या सराफाकडे गेला. त्यांनी आणखी घोडे शिकवले, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

प्रयोगात नको असताना घुसणाऱ्या अशा गोष्टींना मानसशास्त्राच्या पुस्तकात 'बाह्य चल' असं भारदस्त नाव आहे. मी त्यांना लुडबुडे म्हणते. लग्नात न बोलावता येऊन पंगतीत बसणाऱ्या पाहुण्यांसारखे. हान्सच्या प्रयोगातला लुडबुड्या होता प्रश्न विचारणारा माणूसच. त्याला हाकलायचा उपाय काय? त्याला उत्तरच कळू द्यायचं नाही.

ही युक्ती फुंग्स्टच्याही आधीची आहे. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरची मोठी हवा होती. शरीरातून एक अदृश्य चुंबकी प्रवाह वाहतो आणि त्यावर ताबा मिळवून आजार बरे करता येतात, असं तो म्हणायचा. मंतरलेल्या झाडाला मिठी मारली तरी रोगी थरथर कापायचे, बेशुद्ध पडायचे. फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएही होते. फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मरच्या एका शिष्याला एक झाड मंतरायला सांगितलं. मग एका बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला एकेका झाडाजवळ नेलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्धच पडला. आणि मंतरलेलं झाड? ते बरंच लांब, भलतीकडेच उभं होतं! मुलगा नाटक करत नव्हता. त्याची 'आता काहीतरी होणार' ही खात्रीच त्याला खाली पाडून गेली. म्हणजे प्रयोग करणाराच नव्हे, ज्याच्यावर प्रयोग करतात त्याची समजूतही लुडबूड करते.

म्हणून आज नव्या औषधाची परीक्षा घेताना शक्य तिथे दोघांच्याही डोळ्यांवर 'पट्टी' बांधतात. गोळी औषधाची आहे की नुसत्या साखरेची, हे रोग्याला सांगत नाहीत, आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. नोंद तिसऱ्याच माणसाकडे बंद असते.

उंदरांचीही एक गोष्ट आहे. १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड या दोघांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं, "तुमचे उंदीर भुलभुलैयात वाट शोधण्यात पिढीजात तरबेज आहेत." उरलेल्यांना सांगितलं, "तुमचे जरा ढ आहेत." खरं तर सगळे उंदीर सारखेच होते, नुसते वाटून दिलेले. तरी 'तरबेज' उंदरांनी वाट जास्त वेळा बरोबर शोधली! विद्यार्थ्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण 'हुशार' उंदराला माणूस जरा मायेने उचलतो, हळुवार हाताळतो. उंदीर बिथरत नाही, आणि शिकतो. रोझेन्थालनी पुढे शाळेतही असा प्रयोग केला. १९६८ साली त्यावर पुस्तक आलं. शिक्षक ज्या मुलांकडून जास्त अपेक्षा ठेवतात ती मुलं जास्त पुढे जातात का, असा त्यांचा प्रश्न होता. त्या निष्कर्षांवर तज्ज्ञांचे पुष्कळ वाद झाले. परिणाम असला तरी पुस्तकात वाटतो तेवढा मोठा नसावा, असं बरेच जण म्हणतात. पण उंदरांची गोष्ट वाचल्यापासून मी नव्या वर्गाची मागच्या वर्षीची गुणपत्रिका पहिले दोन महिने उघडत नाही.

आता तुमच्या घरातल्या भांडणाकडे येऊ या. "गाणी लावून माझं पाठांतर चांगलं होतं!" असं तुम्ही म्हणता आणि आई म्हणते, "बंद कर आधी ते!" खरं कोणाचं? प्रयोग करून बघू. समजा वर्गात चाळीस मुलं आहेत. वीस शब्दांची एक यादी आहे. ती पाच मिनिटं पाठ करायची आणि मग आठवेल तितकी लिहून काढायची. निम्म्या मुलांनी गाणी ऐकत, निम्म्यांनी शांततेत.

कोणी कुठे बसायचं? ज्याला जे आवडेल तिथे? मग संपला प्रयोग! गाणीवेडी एका बाजूला आणि अभ्यासू एका बाजूला जातील, आणि फरक गाण्यांमुळे पडला की मुलांमुळे, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. कुणाला सर्दी झालेली असते, कुणी रात्री उशिरा झोपलेलं असतं, कुणाची आठवणच मुळात दांडगी असते. हे सगळे लुडबुडे बाहेर काढता येत नाहीत. पण चिठ्ठ्यांनी ते दोन्ही खोल्यांत साधारण सारखे विखुरले जातात, आणि मग कुणा एकाचीच बाजू घेत नाहीत. मुलं जितकी जास्त, तितकं हे जास्त नीट जमतं. चार मुलांत चिठ्ठ्या टाकल्या तर दोन्ही हुशार एकाच खोलीत जायचे!

बाकीचं दोन्हीकडे सारखं हवं. यादी तीच, वेळ तीच. एक गट पहिल्या तासाला आणि दुसरा मधल्या सुट्टीआधी, पोटात कावळे ओरडत असताना, असं चालणार नाही. उत्तरपत्रिकांवर नाव किंवा गट लिहायचा नाही, फक्त नंबर, आणि तपासणाऱ्याला कोणता नंबर कुठल्या खोलीतला ते ठाऊक नको.

दुसरीही रीत आहे. त्याच मुलांनी एकदा गाण्यांसह आणि एकदा शांततेत पाठ करायचं. मग हुशार-साधारण हा प्रश्नच मिटतो. पण नवे लुडबुडे येतात! दुसऱ्या वेळी सराव झालेला असतो, किंवा कंटाळा आलेला असतो. म्हणून निम्म्यांनी आधी गाणी, निम्म्यांनी आधी शांतता. शिवाय यादी दुसरी लागणार, आणि एकीत 'आंबा, मांजर, बादली' अन् दुसरीत 'अनुकंपा, प्रयोजन' असं झालं तर? म्हणून यादीही अदलाबदल करून द्यायची.

आणि सगळ्यांत चिवट लुडबुड्या कोण, ठाऊक आहे? तुमची आईला जिंकून दाखवायची इच्छा! गाणी लागली की तुम्ही जीव तोडून पाठ करणार. म्हणून प्रयोगाआधी 'पाठांतराचा खेळ आहे, खेळाल का?' एवढंच विचारतात, आणि संपल्यावर खरं काय तपासत होतो ते प्रत्येकाला सांगतात. कुणाला खेळायचं नसेल तर जबरदस्ती नाही. मोठ्या शास्त्रज्ञांनाही हा नियम पाळावा लागतो.

या आठवड्याचं कोडं. एका ताईला बघायचं होतं की बदाम खाल्ल्याने आठवण वाढते का. तिने पहिल्या बाकावर बसणाऱ्या आपल्या पाच मैत्रिणींना महिनाभर रोज बदाम दिले. शेजारच्या वाड्यातल्या पाच लहान मुलांना काहीच दिलं नाही. महिन्याने तिने मैत्रिणींना सकाळी शब्दांची यादी दिली आणि म्हणाली, "बदाम खाल्लेत ना, मग येणारच तुम्हाला!" मुलांना तीच यादी संध्याकाळी दिली. तेव्हा गल्लीत ढोलपथकाचा सराव चालू होता. पेपर तिने स्वतःच तपासले. मैत्रिणीने 'बादली'ऐवजी 'बालदी' लिहिलं होतं, त्याचा गुण दिला. मैत्रिणी जिंकल्या आणि ताईने जाहीर केलं, की बदामाने आठवण वाढते!

या प्रयोगात किती लुडबुडे जेवून गेले ते शोधा, आणि प्रत्येकाला दाराबाहेर कसं काढायचं तेही लिहा. महिन्याच्या सुरुवातीला ताईने काय करायला हवं होतं, इकडेही बघा. मला सात सापडलेत. आठवा सापडला, तर मला नक्की कळवा.